चष्म्यातली चमक

लेकीच्या फोटोग्राफी कॉलेजचं प्रदर्शन तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. दारावर कागद चिकटवलेला, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. क्षमस्व म्हणे! माझे गुडघे काय त्या कागदावर चढणार होते? पहिल्या मजल्यावर कठडा धरून थांबले, दुसऱ्यावर तर सरळ पायरीवर बसकण मारली. दोन पोरी उड्या मारत वर चालल्या होत्या. त्यातली एक वळून म्हणाली, "आजी, हात देऊ का?" आजी! अजून लेकीचं लग्न नाही आणि मी आजी झालेसुद्धा. "नको गं बाई, मी हवा खायला बसलेय," म्हटलं आणि त्या गेल्यावर कठडा धरूनच उठले.

खरं सांगायचं तर मला यायचंच नव्हतं. आठ महिने झाले, हे गेले त्याला. तेव्हापासून मी एकटीच दुकान आवरत होते आणि आता माझ्या अंगात आवरण्याचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. महिनाअखेरीस गाळा मालकाला परत द्यायचा होता. स्टूल गेलं, दिवे गेले, मागचा पांढरा पडदा गेला, आरसा शेजारच्या न्हाव्याने नेला. उरले होते चौतीस खोके. तीस वर्षांत ह्यांनी काढलेल्या फोटोंच्या मूळ प्रती. आधीच्या वीस खोक्यांत निगेटिव्ह, पुढच्या चौदांत सीड्या आणि हार्डडिस्क. घरात ठेवायला जागा नाही, लेकीच्या भाड्याच्या खोलीत तिचीच जागा नाही. संध्याकाळी पाचला भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

लेक फोनवर म्हणाली होती, "आई, आज शेवटचा दिवस आहे. आधी प्रदर्शन बघ, मग खोक्यांचं काय ते ठरव. तू म्हणशील ते मला चालेल. पण बघितल्याशिवाय देऊ नकोस."

मी "बरं" म्हटलं. बरं म्हणायला काय जातं? माझ्या मनात ठरलेलंच होतं. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, दुकानाची किल्ली देऊन आले होते. "पाचला टेम्पो येईल. माझा फोन आला नाही तर देऊन टाका सगळं. आणि जुने खोके आधी द्या, ते जड आहेत, मागाहून कोणी हात लावणार नाही." भाऊजी मान डोलवत होते. ते आयुष्यात कुठे वेळेवर पोचलेत? स्वतःच्या साखरपुड्यालाही दीड तास उशिरा आले होते. म्हणून पाचच्या आधी काही हलायचं नाही, असं धरून मी निर्धास्त होते. वर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते.

आमच्या दुकानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दुकान फक्त ओळखपत्राच्या फोटोंचं. पासपोर्ट, लायसन्स, शाळा, नोकरीचा अर्ज. लग्नबिग्नाच्या भानगडीत हे कधी पडले नाहीत. "तिथे माणसं पळत असतात, आपल्याला बसलेला माणूस बरा," म्हणायचे. गिऱ्हाईक यायचं, स्टुलावर बसायचं, दहा मिनिटांत बाहेर. ह्यांचं वाक्य ठरलेलं: "हनुवटी खाली. अजून थोडी. हां, हलू नका." दिवसातून पन्नास वेळा. बाजारात ह्यांना कोणी नावाने ओळखतच नसे. हनुवटीवाले! घराचा पत्ता विचारला तरी लोक सांगायचे, हनुवटीवाल्यांच्या वरचा मजला.

फोटो काढायचं काम ह्यांचं आणि चमक काढायचं काम माझं. म्हणजे असं, की चष्मेवाला माणूस दिव्यासमोर बसला की त्याच्या काचांवर पांढरी चमक येते. डोळा नीट दिसत नाही. मग कचेरीतला साहेब फोटो परत करतो आणि गिऱ्हाईक आमच्या डोक्यावर येऊन बसतं. पहिल्या वर्षांत मी कागदावर छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशाने रंग भरायची. एवढ्याशा फोटोत एवढासा डोळा! नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा माउसने करायला लागले. चमक पुसायची, तिच्याखाली अर्धा झाकलेला डोळा पुन्हा काढायचा, बुबुळात ठिपका ठेवायचा. तीस वर्षं तेच. माझ्या हाताखालून गेलेल्या फोटोत चमक सापडली तर कान कापून देईन, असं मी गिऱ्हाइकांना बजावून सांगायची. कोणाला कधी सापडली नाही.

मात्र ह्यांचा एक हट्ट होता. मूळ फोटोला हात लावायचा नाही. निगेटिव्ह जशीच्या तशी पाकिटात, पुढे फाइलही जशीच्या तशी वेगळी ठेवायची. माझी सगळी कारागिरी कॉपीवर. "अहो, ती चमकवाली घाण कशाला साठवताय?" मी विचारायची. "असू दे गं, मूळ ते मूळ," एवढंच उत्तर. म्हणून तर चौतीस खोके.

आणि ज्या माणसाने हजारो लोकांचे फोटो काढले त्याचा स्वतःचा एक फोटो नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा इतका कंटाळा, की स्वतःचं ओळखपत्र संपलं तरी नवं करायला सहा महिने टाळाटाळ. गेले तेव्हा भिंतीवर लावायला काही सापडेना. शेवटी कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढला, अर्धा कान कोणा बाईच्या अंबाड्यामागे गेलेला. कान मी काढला. मान काढली. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये गिऱ्हाइकांना चढवायचे आठ कोट होते, त्यातला एक चढवला. चार दिवस खपून जो माणूस तयार झाला तो विमा विकायला आल्यासारखा दिसत होता. लेक बघून म्हणाली, "आई, हे बाबा नाहीत." मला काय कळत नव्हतं? मी तो फोटो कपाटात पालथा घालून ठेवला आणि भिंत तशीच राहिली. जेवायला बसलं की समोर नुसता खिळा.

तर असो.

वर दारातच टेबल मांडून एक मुलगी बसली होती. वहीत सही करा म्हणाली. नावापुढे 'अभिप्राय' असा रकाना होता. अजून काही बघितलंच नाही तर अभिप्राय कसला देऊ? 'लिफ्ट बंद आहे' असं लिहिलं आणि आत गेले.

दोन मोठ्या खोल्या, पांढऱ्या भिंती, दिवे बेताचे. बसायला एकच बाक आणि त्यावर कोणाच्या तरी पिशव्या. यंदा पास झालेल्या चौदा मुलामुलींचं काम लावलं होतं. एका मुलाने वर्षभर रोज स्वतःच्या पावलांचा फोटो काढला होता. तीनशे पासष्ट पावलं! नखं कापायला काय झालं होतं? एकीने रिकाम्या खुर्च्या टिपल्या होत्या. मला त्यातल्या प्रत्येक खुर्चीवर बसावंसं वाटलं. एका चौकटीत नुसता काळोख होता आणि खाली अर्धं पान मजकूर. दोनदा वाचला. 'अभावाची उपस्थिती' की 'उपस्थितीचा अभाव', असलं काहीतरी होतं. आमच्या दुकानात असा फोटो निघाला असता तर ह्यांनी फ्लॅशची वायर तपासली असती.

सगळंच वाईट होतं असं नाही. इस्त्रीच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचे हात एका मुलीने काढले होते, ते मी थांबून बघितले. पण पाय ठणकत होते आणि चांगलं बघून बरं वाटायलाही ताकद लागते, ती नव्हती.

"आई! आलीस?" लेक मागून आली. हिला घरात आम्ही बटण म्हणतो. दोन वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्याचं बटण मीच दाबणार म्हणून रडायची, तेव्हापासून. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेतरी वर बांधलेले. चेहरा बघितला आणि पहिल्यांदा मनात काय आलं असेल, तर ती वर्तुळं पुसायला माझा ब्रश हवा होता.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"ते राहू दे. माझी भिंत तिकडे आहे. ये." तिने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

दुसऱ्या खोलीत, शेवटच्या भिंतीवर, ओळीने बारा मोठाले फोटो. मी लांबूनच बघितले आणि जागीच थांबले.

आमची गिऱ्हाइकं होती ती! तो जाड भिंगांचा शाळामास्तर. ती बँकेतली बाई, जिचा चष्मा कायम नाकावरून घसरायचा. तो ड्रायव्हर, ज्याचं लायसन्स तीनदा हरवलं. नुसते डोळे आणि चष्मे, खिडकीएवढे मोठे केलेले. आणि प्रत्येक काचेवर चमक! ढळढळीत, पांढरी, चौकोनी चमक. अगदी मूळ फाइलमधली घाण, जशीच्या तशी.

"बटण, हे काय?" मी आवाज दाबून म्हटलं. "हे आपल्या दुकानाचं काम आहे ना?"

"हो. गेल्या वर्षी मी दोन खोके नेले होते बघ, प्रोजेक्टसाठी, हवे ते बारा स्कॅन करून परत ठेवले. त्यातलं."

"आणि चमक नाही काढली? चार लोकांत असं लावलंस? अगं, मला सांगायचंस, मी एका दुपारी बारा फोटो साफ करून दिले असते. लोक काय म्हणतील? हनुवटीवाल्यांकडे हे असलं काम व्हायचं म्हणतील. तीस वर्षं मी डोळे फोडले ते ह्यासाठी?"

खोटं कशाला बोलू, मला रडू यायला लागलं होतं. रागाने. माणूस गेला, दुकान गेलं, आता अब्रूही भिंतीवर टांगली. शेजारी वही घेऊन काहीतरी टिपणारा एक दाढीवाला माणूस दोन पावलं बाजूला सरकला.

"आई," लेक म्हणाली. "जवळ जा."

"लांबूनच पुरे आहे मला."

"जवळ जा गं. काम करताना जशी बघायचीस तशी बघ. नाक लावून."

मी पुढे झाले. मास्तरांच्या डाव्या काचेपाशी नाक नेलं. चमकेचा चौकोन म्हणजे आमचा मोठा दिवा, ते मला ठाऊकच होतं. त्या पांढऱ्या चौकोनासमोर एक काळी आकृती होती. बोटभर उंचीची. मध्ये तीन पायांचं स्टँड, वर कॅमेरा, आणि त्याच्यामागे वाकलेला एक माणूस. उजवा खांदा खाली, डावा वर.

उजवा खांदा खाली. लहानपणी झाडावरून पडून मोडला होता, तो नीट बसलाच नाही. शिंप्याकडे प्रत्येक शर्टाच्या वेळी सांगावं लागायचं, एक बाही अर्धा इंच कमी घ्या.

मी पुढच्या फोटोकडे गेले. बँकेतली बाई. तिच्या दोन्ही काचांत हे. तिसरा, ड्रायव्हर. हे. चौथा फोटो निगेटिव्हवरचा, जुना. त्यात हे बारीक होते, डोक्यावर केस होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुकान सुरू केलं त्या वर्षीचे. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. चेहरा म्हणाल तर कुठेच नाही, कॅमेऱ्याच्या मागे गेलेला. पण मला चेहरा कशाला हवाय? तीस वर्षं मी त्या पाठीच्या मागे बसून काम केलंय.

"तू म्हणायचीस ना, ह्यांचा एकही फोटो नाही," लेक म्हणाली. "आई, प्रत्येक चष्म्यात आहेत. मी छापील फोटोही शोधले, गिऱ्हाइकांकडे जाऊन. त्यात नाहीत. एकातही नाहीत. तू इतकं सुरेख पुसलंयस."

ती टोमणा मारत नव्हती. कौतुकच करत होती. पण मी मनात हिशेब करायला लागले. दिवसाला पाच-सहा चष्मेवाले धरा. वर्षाचे किती झाले? मी माझ्या हाताने, मन लावून, दिवसातून पाच-सहा वेळा ह्यांना पुसत होते आणि वर फुशारकी मारत होते.

लेकीने बाकावरच्या पिशव्या खाली ठेवून मला बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "शेवटचा राहिलाय. तो मात्र तुला उठून, जवळ जाऊनच बघावा लागेल."

बारावा फोटो माझा होता.

चार वर्षांपूर्वीचा. माझं ओळखपत्र बदलायचं होतं तेव्हाचा. आणि तो दिवस मला कालचाच असल्यासारखा आठवतो. बटणने फोटोग्राफीच्या कॉलेजचा फॉर्म भरला होता आणि ह्यांनी मला न विचारता त्यावर सही केली होती. मला वाटत होतं पोरीने काहीतरी धड शिकावं, महिन्याच्या महिन्याला पगार येईल असं. आमच्यासारखं स्टुलावरच्या माणसाची वाट बघत बसू नये. चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी फोटो काढायची वेळ आली, कारण ओळखपत्राची मुदत संपत होती. मी जाऊन स्टुलावर बसले. हनुवटी खाली म्हणायची वेळसुद्धा येऊ दिली नाही.

आमच्या घरात माफीचा शब्द नव्हता. ज्याची चूक त्याने दोन्ही हातांनी आपले कान धरायचे आणि समोरच्याने 'पुरे' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. लग्नानंतर कधीतरी गमतीत सुरू झालं आणि मग तोच कायदा झाला. बटणही तोच शिकली. काच फोडली की ही दारातच कान धरून उभी.

मी उठले आणि माझ्याच चष्म्यापाशी नाक नेलं. पांढरा चौकोन होता. स्टँड होतं. कॅमेरा होता. पण त्याच्या मागे कोणी नव्हतं. हे बाजूला येऊन उभे होते. सरळ, तोंड माझ्याकडे, आणि दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. कान धरलेले.

"ह्या एकाच फोटोत बाबा कॅमेऱ्यामागून बाहेर आलेत," लेक म्हणाली. "हातात केबल होती वाटतं, लांबून कॅमेऱ्याचं बटण दाबायची. मला बघून हसू आलं. काय केलं होतं गं त्यांनी?"

मला आठवलं. मी बघितलं होतं. मला दिसले होते हे कान धरलेले. आणि मी नजर लेन्सवर रोखून म्हटलं होतं, "काढा लवकर, मागे माणसं खोळंबलीत." माणसं कसली, दुकान रिकामं होतं. मग मी आत जाऊन कॉम्प्युटरवर बसले आणि माझ्या चष्म्यातली चमक पुसली. काय पुसतेय ते न बघता. पुढे आठवडाभराने बोलणं सुरू झालं, कशावरून ते आठवतही नाही, बहुधा विजेच्या मीटरवरून. संसारात भांडण संपत नाही, बाजूला पडतं. पण 'पुरे' मी कधी म्हटलं नाही. राहूनच गेलं.

"तुझ्या कॉलेजवरून भांडण होतं," मी सांगितलं. "मी नको म्हणत होते."

ती फोटोजवळ जाऊन पुन्हा बघू लागली.

"किती वाजले?" मी विचारलं.

"सव्वाचार. का?"

मी पर्समधून फोन काढला. भाऊजींचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. तिकडे रस्त्याचा गलका ऐकू येत होता.

"भाऊजी, खोके द्यायचे नाहीत. टेम्पो आला तर परत पाठवा."

"वहिनी?" भाऊजी ओरडून बोलत होते. "टेम्पो येऊन गेलासुद्धा! तो म्हणाला, आत्ता मोकळा आहे, येऊ का. म्हटलं ये बाबा. तुमचंच काम लवकर उरकावं म्हणून. पहिली खेप गेली. वीस खोके. तुम्ही म्हणालात तसं, जुने आधी."

"गेले?"

"पाऊण तास झाला. आता दुसऱ्या खेपेला येईलच. चौदा मी दारात काढून ठेवलेत. कंबरडं मोडलं माझं, तुम्हाला काय सांगू."

जन्मात एकदा हा माणूस वेळेच्या आधी पोचला होता. आणि तो माझंच ऐकून पोचला होता, त्याला तरी काय बोलणार?

"ते चौदा आत घ्या," मी म्हटलं. माझा आवाज त्या खोलीत घुमला असावा, कारण दाढीवाल्याने पुन्हा वळून बघितलं. "आत घ्या आणि दाराला कुलूप लावून दारात बसा. एक सीडीसुद्धा जाता कामा नये. आणि त्या माणसाला फोन करा. वीस परत आण म्हणावं."

"करतो. पण वहिनी, तो सांगत होता, असला माल तिथल्या तिथे पुढे जातो. फिल्मच्या गोण्या भरायला माणूस उभाच होता म्हणे. बघतो मी. पण तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? सकाळी तर म्हणालात..."

"सकाळचं सोडा. आधी फोन करा."

मी उभीच राहिले. लेक माझ्याकडे बघत होती. एका बाजूचं बोलणं ऐकून तिला किती कळलं होतं, माहीत नाही. दहा मिनिटांनी भाऊजींचा उलट फोन आला. भंगारवाल्याचा फोन बंद होता. ते स्वतः जाऊन बघून येतो म्हणाले, चौदा खोके शेजारच्या न्हाव्याच्या ताब्यात देऊन. जाणार, तिथे पोचणार, विचारणार. मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं की काही मिळायचं नाही.

"आई, काय झालं?"

"वीस गेले," मी म्हटलं. "निगेटिव्हचे. मीच सांगितलं होतं जुने आधी द्या म्हणून. तू म्हणालीस बघितल्याशिवाय देऊ नकोस, मी बरं म्हटलं, आणि येतानाच सगळं ठरवून आले होते."

तिने भिंतीकडे बघितलं. बारांत चार फोटो जुने होते. केसवाले, बारीक, बाह्या दुमडलेले हे तेवढ्या चारांतच उरले होते. बाकी सगळं तरुणपण गोणीत भरून गेलं असणार. माझ्या हातून पुसायचं राहिलं होतं, तेही मी पाठवून दिलं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तर त्याहून बरं. ती नुसती उभी राहिली, पाठमोरी. तिचाही उजवा खांदा किंचित खाली असतो, पिशवी तिकडे अडकवून अडकवून. मला हे आजवर दिसलंच नव्हतं.

मी पर्स बाकावर ठेवली, दोन्ही हात वर केले आणि कान धरले.

साठीची बाई भर प्रदर्शनात कान धरून उभी. दारातली वहीवाली मुलगी डोकावून बघत होती. दाढीवाल्याला वाटलं असावं, हाही प्रदर्शनाचाच भाग आहे, कारण तो हाताची घडी घालून नीट उभा राहिला. बघ बाबा, बघ. मला कोणाची पर्वा नव्हती. मिनिटभरातच दंड भरून आले, गुडघे तर आधीच बोंबलत होते. हे त्या दिवशी किती वेळ उभे होते कोण जाणे. फोटो काढून झाल्यावरही मी आत जाईपर्यंत तसेच होते एवढं आठवतं.

लेक वळली. तिने मला बघितलं. तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी रडण्याच्या आधी व्हायचं तसं. मग तिने गळ्यातला कॅमेरा वर घेतला.

"हनुवटी खाली," ती म्हणाली.

मी हनुवटी खाली केली.

"अजून थोडी. हां. हलू नकोस."

तिच्यामागे छताचा दिवा होता. मला माझ्या काचांच्या आतूनही कळत होतं, तीस वर्षांचा धंदा आहे.

"बटण, चष्म्यात चमक येतेय."

"येऊ दे," ती म्हणाली आणि बटण दाबलं. दोनदा, तीनदा दाबलं. मग कॅमेरा खाली घेऊन माझ्याजवळ आली आणि माझे हात कानांवरून खाली केले.

"पुरे," ती म्हणाली.